विधिमंडळात हरला, मतदानात जिंकला: इलिनॉयचा गव्हर्नर एडवर्ड कोल्स आणि १८२४चा कौल

ऑगस्ट १८२२मध्ये इलिनॉय राज्याने आपला दुसरा गव्हर्नर निवडला. रिंगणात चौघे होते. एडवर्ड कोल्सला २,८५४ मतं पडली, राज्याचा सरन्यायाधीश राहिलेला जोसेफ फिलिप्स याला २,६८७, त्याच न्यायालयातला न्यायाधीश टॉमस ब्राउन याला २,४४३ आणि जेम्स मूर याला ६२२. कोल्स १६७ मतांनी आला. मतदारांपैकी दोन तृतीयांश लोकांनी त्याला नाकारलं होतं. फिलिप्स आणि ब्राउन हे दोघेही गुलामगिरीला अनुकूल मानले जात आणि त्यांची बेरीज पाच हजारांच्या वर जाते. ती मतं फुटली नसती तर कोल्स हे नाव आज फक्त व्हर्जिनियातल्या एका जमीनदार घराण्याच्या वंशावळीत सापडलं असतं. इलिनॉयमध्ये राहायला येऊन त्याला जेमतेम तीन वर्षं झाली होती.

लेफ्टनंट गव्हर्नर वेगळ्या मतदानाने निवडला जाई. त्या जागी आला अडॉल्फस हबर्ड, विरुद्ध बाजूचा. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत बहुमत विरुद्ध बाजूचं. सर्वोच्च न्यायालयात नुकताच हरलेला प्रतिस्पर्धी ब्राउन. असा चहूबाजूंनी कोंडलेला गव्हर्नर दोन वर्षांनी राज्याच्या तोवरच्या इतिहासातलं सर्वांत मोठं मतदान जिंकतो. इलिनॉयने आपली घटना बदलून गुलामगिरी उघड कायदेशीर करावी का, याचा तो कौल होता. आपल्याकडे अमेरिकेतली गुलामी म्हटली की लिंकन आणि यादवी युद्ध एवढंच आठवतं. त्याच्या चाळीस वर्षं आधीचं हे प्रकरण लिंकनच्याच राज्यातलं आहे, आणि ते तपशिलात बघण्यासारखं आहे, कारण यात गव्हर्नरपदाचा उपयोग फार थोडा झाला.

बंदीही आणि गुलामही

१७८७च्या अध्यादेशाने ओहायो नदीच्या उत्तरेकडच्या प्रदेशात गुलामगिरीला बंदी घातली होती. ती राहिली कागदावर. मिसिसिपीकाठी कास्कास्कियासारख्या जुन्या फ्रेंच वस्त्या होत्या, तिथल्या लोकांकडे आधीपासून गुलाम होते, ते तसेच ठेवले गेले. बाहेरून येणाऱ्यांसाठी कराराची पळवाट काढली होती. मालकाने आपला गुलाम सरकारी कारकुनापुढे उभा करायचा आणि त्याने ‘स्वखुशीने’ तीस, चाळीस, कधी नव्याण्णव वर्षं सेवा करण्याच्या करारावर खूण करायची. खूण करायला तो नाही म्हणाला तर मालक त्याला साठ दिवसांच्या आत पुन्हा गुलामगिरीच्या राज्यात घेऊन जाऊ शकत असे. एवढा पर्याय दिला की स्वखुशी आपोआप येते.

शिवाय शॉनीटाउनजवळची मिठाची भट्टी होती. खाऱ्या झऱ्यांचं पाणी मोठमोठ्या कढयांत आटवायचं काम. लाकूड तोडणं, जाळ घालणं, पाणी ओढणं, सगळं अंगमोड कष्टाचं. त्यासाठी केंटकी आणि टेनेसीहून गुलाम भाड्याने आणले जात. १८१८च्या राज्यघटनेने यापुढे गुलामगिरी आणायची नाही असं म्हटलं, पण मिठाच्या भट्ट्यांना १८२५पर्यंत सूट दिली आणि आधीचे करार वैध ठेवले. १८२०च्या जनगणनेत सुमारे ५५ हजार लोकसंख्येच्या या ‘मुक्त’ राज्यात ९१७ गुलाम नोंदले आहेत.

त्यात १८१९ची मंदी आली. बँका बुडाल्या, जमिनीचे भाव पडले, कर्ज काढून घेतलेली शेतं गळ्याशी आली. शेजारचं मिसूरी १८२१मध्ये गुलामगिरीसकट संघराज्यात दाखल झालं. मग रोजचं दृश्य असं की व्हर्जिनिया-केंटकीहून निघालेलं पैसेवालं कुटुंब, भरलेल्या गाड्या, मागे गुलामांची रांग, आणि सगळा लवाजमा इलिनॉयची सुपीक जमीन ओलांडून मिसूरीकडे चाललेला. रस्त्यात थांबून म्हणणार, जमीन तुमची झकास आहे, पण आमची माणसं आणू देत नाही तुमचा कायदा, काय करणार! कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला हे ऐकून वाटायचं की आपलं गिऱ्हाईक डोळ्यांदेखत पुढच्या दुकानात चाललंय. गुलामगिरीवाल्यांच्या प्रचाराचा सगळा जोर या एका भावनेवर होता.

कोल्स कुठून आला

जन्म १५ डिसेंबर १७८६, व्हर्जिनियात अल्बमार्ल काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्हा), एनिस्कॉर्थी नावाच्या मळ्यावर. शेजारपाजारी जेफरसन, मॅडिसन, मन्रो, तिघेही पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले. डॉली मॅडिसन नात्यातली. विल्यम अँड मेरी कॉलेजात शिकताना तिथले प्राचार्य बिशप मॅडिसन यांना त्याने विचारलं की माणसाचे हक्क जन्मजात असतील तर माणूस माणसाचा मालक कसा होतो. तत्त्व म्हणून समर्थन करता येत नाही, हे बिशपनी कबूल केलं. कोल्सने मनाशी ठरवून टाकलं, पण घरी अवाक्षर काढलं नाही. वडिलांना सुगावा लागला तर ते आपल्या वाट्याला गुलाम ठेवणारच नाहीत, मग सोडवणार कोणाला, हा त्याचा हिशोब. १८०८मध्ये वडील वारले आणि एक मळा व डझनभर माणसं त्याच्या नावावर आली.

तिथेच त्यांना मोकळं करता येईना, कारण १८०६च्या कायद्याप्रमाणे मुक्त झालेल्या गुलामाला बारा महिन्यांत व्हर्जिनिया सोडावी लागे. घरचे समजावत होते, टोचत होते. त्यात राष्ट्राध्यक्ष मॅडिसनने खाजगी चिटणीस म्हणून बोलावलं आणि पुढची पाच-सहा वर्षं वॉशिंग्टनमध्ये गेली. गुलामांचा मालक म्हणूनच गेली, हे नोंदवलं पाहिजे. निश्चय आणि कृती यांत दहा वर्षांहून जास्त अंतर पडलं. कोल्सवर लिहिणारे हे अंतर घाईने ओलांडतात.

३१ जुलै १८१४ला त्याने जेफरसनला पत्र लिहिलं: तुमच्या नावाचं वजन मोठं आहे, व्हर्जिनियात क्रमाक्रमाने गुलाममुक्तीची योजना तुम्ही मांडा. सत्तावीस वर्षांच्या चिटणिसाने एकाहत्तर वर्षांच्या माजी राष्ट्राध्यक्षाला असं लिहिणं हे धाडसच. जेफरसनचं २५ ऑगस्टचं उत्तर गोड आहे आणि नकाराचं आहे. हे काम तरुणांचं, माझ्या प्रार्थना तुमच्या पाठीशी. मला पुढे व्हायला सांगणं म्हणजे ट्रॉयच्या म्हाताऱ्या राजाला, प्रायमला, त्याच्या लढवय्या मुलाचं, हेक्टरचं, चिलखत चढवायला सांगणं. वर सल्ला की तुम्ही राज्य सोडून जाऊ नका, आपल्या माणसांना नीट खाऊपिऊ घाला आणि इथेच राहून लोकांना हळूहळू वळवा. कोल्सने सप्टेंबरात पुन्हा लिहिलं आणि नम्रपणे बेंजामिन फ्रँकलिनची आठवण दिली. फ्रँकलिनने गुलामगिरीविरुद्धचं काम तुमच्याहून जास्त वय झाल्यावर केलं होतं. यावर जेफरसनकडे बोलण्यासारखं काही उरलं नसावं.

मधल्या काळात एक वेगळीच कामगिरी अंगावर आली. फिलाडेल्फियातल्या रशियन वाणिज्यदूताला अटक झाली म्हणून झार नाराज होता. त्याची समजूत काढायला मॅडिसनने १८१६मध्ये कोल्सला सेंट पीटर्सबर्गला धाडलं. परतताना इंग्लंडात त्याची मॉरिस बर्कबेक या प्रगतिशील शेतकऱ्याशी गाठ पडली आणि इलिनॉयच्या माळरानांचं वर्णन झालं. बर्कबेक पुढच्याच वर्षी अमेरिकेत आला आणि त्याने पूर्व इलिनॉयमध्ये इंग्रजांची वसाहत उभी केली. त्या ओळखीचा उपयोग पुढे किती होणार आहे, हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

एप्रिल १८१९मध्ये कोल्सची माणसं व्हर्जिनियातून गाड्यांनी निघाली. तांडा हाकायला त्यांच्यातलाच राल्फ क्रॉफर्ड. पेनसिल्वेनियात ब्राउन्सव्हिलला कोल्स त्यांना येऊन मिळाला, दोन सपाट तळाच्या नावा विकत घेतल्या, आणि माणसं, घोडे, गाड्या असं सगळं चढवून प्रवाहाबरोबर निघाले. नावाडी दारुडा निघाला, त्याला पिट्सबर्गला उतरवावं लागलं. पुढे ओहायोच्या पात्रात, ऊन छान पडलेलं असताना, कोल्सने दोन्ही नावा एकमेकींना बांधायला लावल्या, सगळ्यांना एकत्र बोलावलं आणि सांगितलं की या क्षणापासून तुम्ही माझ्याइतकेच स्वतंत्र आहात, माझ्याबरोबर या किंवा वाटेल तिथे उतरा. त्याने स्वतः नंतर लिहून ठेवलंय की काही वेळ कोणी बोललंच नाही. एकमेकांकडे आणि त्याच्याकडे बघत राहिले, खरं मानावं की नाही कळेना. मग कोणीतरी हसलं, भानावर नसल्यासारखं, आणि त्यानंतर डोळे भरून आले. वर त्याने सांगितलं की इलिनॉयला पोचल्यावर कुटुंबप्रमुखांना प्रत्येकी १६० एकर जमीन देईन. तुमचं बस्तान बसेपर्यंत आम्ही फुकट राबतो, असं ती माणसं म्हणाली; ते त्याने ऐकलं नाही.

मॅडिसनने त्या शरदात त्याला लिहिलं की तुमची परोपकारबुद्धी त्यांची कायदेशीर स्थिती बदलते तसा त्यांचा रंगही बदलू शकली असती तर बरं झालं असतं. खवचट वाटतं, पण इलिनॉय कसं आहे याची मॅडिसनची अटकळ बरोबर होती.

कोल्स एडवर्ड्सव्हिलला स्थायिक झाला. राष्ट्राध्यक्ष मन्रोने त्याला तिथल्या सरकारी जमीन कार्यालयाचा रजिस्टर, म्हणजे नोंदणी अधिकारी, नेमलं होतं. ही नेमणूक राजकारणासाठी सोन्यासारखी ठरली. नवीन येणारा प्रत्येक शेतकरी जमीन नोंदवायला त्याच्याच टेबलापाशी येई.

डिसेंबरचं भाषण

५ डिसेंबर १८२२ला व्हँडेलिया या राजधानीच्या गावात कोल्सने शपथ घेतली आणि पहिल्याच भाषणात विधिमंडळाला सांगितलं: जुन्या फ्रेंच वस्त्यांतले गुलाम सोडा, कृष्णवर्णीयांवरचे जाचक कायदे सौम्य करा, मुक्त माणसांना पळवून दक्षिणेत विकणाऱ्यांना कडक शिक्षा ठेवा.

माझ्या मते ही राजकीय दृष्ट्या मोठी घोडचूक होती, आणि तिच्यावाचून पुढचं काहीच घडलं नसतं. विरोधकांना हवं होतं निमित्त. सेनेटच्या समितीने भाषणावर अहवाल दिला तो असा की आता आपण सार्वभौम राज्य आहोत, अध्यादेशाचं बंधन उरलेलं नाही, आणि गव्हर्नरसाहेब म्हणतात तो प्रश्न सोडवायचा तर त्याचा मार्ग एकच: राज्यघटना बदलण्यासाठी घटना परिषद बोलवा. गुलाम सोडा म्हणणाऱ्या भाषणातून गुलामगिरी आणायचा रस्ता काढला. कायद्याचा कीस काढणाऱ्यांचं कसब म्हणून ते मानलं पाहिजे.

घटनेत तरतूद अशी होती की दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी शिफारस करायची, मग पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीत लोकांनी ‘परिषद हवी’ किंवा ‘नको’ म्हणायचं. ठरावावर गव्हर्नरच्या सहीचा प्रश्नच नव्हता. सेनेटमध्ये अठरापैकी बारा मतं जमली. प्रतिनिधिगृहात छत्तीसपैकी चोवीस हवी होती. एक कमी पडत होतं.

पाइक काउंटीची जागा

राज्याच्या उत्तरेकडे पाइक नावाची प्रचंड पसरलेली, विरळ वस्तीची काउंटी होती. तिथल्या जागेवर निकोलस हॅन्सन आणि जॉन शॉ या दोघांनी दावा सांगितला होता. अधिवेशनाच्या सुरुवातीला सभागृहाने रीतसर चौकशी करून हॅन्सनला बसवलं. दोन महिने तो बसला, त्याने मतं दिली, कोणाची तक्रार नव्हती. ११ फेब्रुवारी १८२३ला परिषदेच्या ठरावावर त्याने विरोधात मत टाकलं आणि ठराव पडला.

त्या रात्री व्हँडेलियात जो धिंगाणा झाला त्याचं वर्णन तिथे हजर असलेल्यांनी करून ठेवलंय. मशाली, ढोल, शिंगं, पत्र्याची भांडी बडवणं, हॅन्सनचा पुतळा जाळणं, आणि परिषदेच्या विरोधकांच्या दारांपुढे जाऊन हुर्यो. कोल्सच्या घरापुढेही जमाव गेला. ‘परिषद नाहीतर मरण’ ही घोषणा. जमावात कोण होतं हे महत्त्वाचं: गावगुंडांबरोबर राज्यातले प्रतिष्ठित पुढारीही होते.

दुसऱ्या दिवशी सभागृहाने हॅन्सनच्या निवडीचा निकाली निघालेला वाद पुन्हा उघडला, त्याला बाहेर काढलं, शॉला आणून बसवलं, आणि ठराव २४ विरुद्ध १२ असा मंजूर केला. विजयाची मेजवानी झडली. तिथे एकाने पेला उंचावून म्हटलं म्हणे की परिषदेच्या शत्रूंना साळिंदराच्या काट्यांचं खोगीर मिळो, घोडा खडखडीत दुडक्या चालीचा मिळो, प्रवास लांबचा असो, आणि खिशात पैसा नि सोबत मित्र नसो.

इथे त्यांचा हिशोब चुकला, तोही दोन ठिकाणी. हॅन्सनला ज्या पद्धतीने हाकललं ती गुलामगिरीशी देणंघेणं नसलेल्या माणसालाही खटकली. आपण निवडून दिलेला माणूस हे लोक एका रात्रीत बदलतात, हे खेड्यातल्या शेतकऱ्याला सहज कळणारं होतं. आणि दुसरं म्हणजे पुढची निवडणूक ऑगस्ट १८२४मध्ये होती. लोहा तापलेला असताना घाव घालायची सोय घटनेनेच ठेवली नव्हती. विरोधकांना दीड वर्ष मिळालं.

अठरा महिने

मतदान लगेच झालं असतं तर कोल्स हरला असता असं बहुतेकांना तेव्हा वाटत होतं. फिलिप्स, ब्राउन, पहिला गव्हर्नर शॅड्रक बाँड, अमेरिकन सेनेटर जेसी टॉमस, इलायस केन अशी वजनदार नावं परिषदेच्या बाजूने. राज्यातली बहुतेक वृत्तपत्रंही त्यांचीच.

कोल्सने अधिवेशन संपता संपता विरोधी सदस्यांना आपल्या बिऱ्हाडी बोलावलं, वर्गणी जमवली आणि जनतेला उद्देशून निवेदन काढलं. मसुदा त्याचा. गव्हर्नरचा पगार वर्षाला एक हजार डॉलर होता. चार वर्षांचा सगळा पगार त्याने या कामात घातला. घरचं बरं होतं म्हणून जमलं, हेही खरं. १८२४मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी राजधानीतलं ‘इलिनॉय इंटेलिजन्सर’ हे विरोधी बाजूचं पत्र चक्क विकत घेतलं आणि डेव्हिड ब्लॅकवेलला संपादक केलं. एडवर्ड्सव्हिलच्या ‘स्पेक्टेटर’चा संपादक हूपर वॉरन गुलामगिरीविरोधी खरा, पण त्याला कोल्स डोळ्यांसमोर नको असे. त्याने शेवटपर्यंत कोल्सला टोमणे मारत त्याच बाजूने लिहिलं. चळवळीत सगळे एकमेकांना आवडायला हवेत असं नसतं.

जॉन मेसन पेक हा बॅप्टिस्ट प्रचारक घोड्यावरून गावोगाव फिरला, सेंट क्लेअर काउंटीत त्याने संघटना उभारली आणि तिच्या धर्तीवर इतर काउंट्यांत शाखा निघाल्या. बर्कबेकने ‘जोनाथन फ्रीमन’ या टोपणनावाने पत्रं लिहिली, साध्या शेतकऱ्याच्या बोलीत. फिलाडेल्फियातला बँकर निकोलस बिडल कोल्सच्या ओळखीचा. त्याने क्वेकर (गुलामगिरीला विरोध करणारा ख्रिस्ती पंथ) समाजसेवक रॉबर्ट्स व्हॉक्सशी गाठ घालून दिली. व्हॉक्सने पत्रकं छापून पाठवली, पण ती कुठून आली हे कोणाला कळू दिलं नाही. बाहेरचे लोक, त्यातून क्वेकर, आपल्याला शिकवायला येतात असं दिसलं असतं तर सगळंच उलटलं असतं. कोल्सने आणि व्हॉक्सने हे गुपित जपलं. डिसेंबरचं भाषण करणारा कोल्स आणि हा कोल्स यांच्यात फरक पडलेला इथे स्पष्ट दिसतो.

पत्रकांत लिहिलेलं काय होतं? नीतीचा मुद्दा होता, पण जोर दुसरीकडे होता. इलिनॉयचा बहुसंख्य मतदार स्वतः केंटकी-टेनेसी-व्हर्जिनियाहून आलेला गरीब गोरा. त्याने गुलामगिरी जवळून पाहिलेली: चांगली सपाट जमीन मळेवाल्याची, डोंगरकपारीचा तुकडा याचा, मजुरीला गेला तर गुलामाशी स्पर्धा, गावच्या कचेरीत शब्द मळेवाल्याचाच. त्यातून सुटायला तो इकडे आला होता. त्याला एवढंच विचारायचं होतं की ज्याला मागे टाकून आलास त्याला इथे बोलावतोस का? गुलामगिरी आली की जमिनीचा भाव वाढेल या प्रचाराला उत्तर ओहायोचं होतं. तिथे गुलाम नाहीत आणि जमीन महाग आहे.

आणखी एक मुद्दा होता, तो सांगायला बरा वाटत नाही. ‘नको’ म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांना कृष्णवर्णीय शेजारीच नको होते, गुलाम म्हणूनही नाही आणि स्वतंत्र म्हणूनही नाही. कोल्सला ही मतं लागणार होती आणि ती त्याने घेतली. प्रचारसाहित्यात त्या भावनेला कोणी विरोध केलेला दिसत नाही.

२ ऑगस्ट १८२४ला मतदान झालं. आजारी, म्हातारी माणसंसुद्धा मतदानाला आणली गेली. परिषद हवी: ४,९७२. नको: ६,६४०. फरक १,६६८. त्याच वर्षीच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत इलिनॉयमध्ये पाच हजारांहूनही कमी लोकांनी मत दिलं, यावरून ऑगस्टचा ताप किती होता ते कळावं. मिठाच्या भट्ट्यांच्या गॅलटिन काउंटीने भरभरून ‘हवी’ म्हटलं. नव्याने वसत असलेल्या सँगमनमध्ये ‘नको’ची मतं जवळजवळ पाचपट पडली. आणि पाइक काउंटीत, जिचा प्रतिनिधी एका रात्रीत बदलला होता, ‘हवी’ला जेमतेम वीस-पंचवीस मतं मिळाली, ‘नको’ला अडीचशेहून जास्त.

मॅडिसन काउंटी विरुद्ध एडवर्ड कोल्स

प्रचार रंगात आला असताना गव्हर्नरवर खटला भरला गेला. ३० मार्च १८१९च्या कायद्याप्रमाणे बाहेरून गुलाम आणून त्याला मुक्त करणाऱ्याने प्रत्येकी हजार डॉलरचा जामीन भरायचा, म्हणजे ती माणसं काउंटीच्या गळ्यात पडली तर खर्च निघावा. न भरल्यास डोई २०० डॉलर दंड. कोल्सने ४ जुलै १८१९ला आपल्या माणसांना मुक्ततेचे दाखले दिले होते. कायदा मंजूर झाला होता, पण छापून आला होता ऑक्टोबरात. कोणाला माहीतच नव्हता तो कायदा त्याने मोडला म्हणून पाच वर्षांनी, नेमक्या १८२४मध्ये, मॅडिसन काउंटीला जाग आली. (ज्या मॅडिसनची त्याने चिटणिशी केली त्याच्याच नावाची ही काउंटी.) दहा माणसांचे २,००० डॉलर असा निकाल ज्युरीने मतदानानंतर, सप्टेंबरात दिला. त्याच्या दोन वर्षांच्या पगाराएवढा आकडा, आणि पगार तर सगळा चळवळीत चाललेला.

जानेवारी १८२५मध्ये विधिमंडळाने अशा दंडांची माफी देणारा कायदा केला. लोकमताचा वारा फिरला की विधिमंडळं अशी कनवाळू होतात. पण न्यायाधीश सॅम्युअल मॅक्रॉबर्ट्सने तो लागू करायला नकार दिला: काउंटीला एकदा मिळालेला हक्क विधिमंडळ काढून घेऊ शकत नाही. कोल्सने वर्तमानपत्रात त्याच्यावर लिहिलं, तर मॅक्रॉबर्ट्सने बदनामीचा दावा ठोकला. शेवटी १८२६मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. काउंटी ही सार्वजनिक संस्था, विधिमंडळानेच घडवलेली. तिच्या नावे वसूल व्हायचा दंड विधिमंडळ माफ करू शकतं, असं न्यायालय म्हणालं. हे तत्त्व स्थानिक संस्थांच्या कायद्यात पुढेही उपयोगी पडलं. कोल्सच्या आयुष्यातली दोन वर्षं मात्र त्यात गेली.

या खटल्याचं मूळ असलेले दाखले वाचण्यासारखे आहेत. माणसाला माणसावर मालकी सांगण्याचा हक्क असू शकतो यावर माझा विश्वास नाही, असं त्याने त्यांत लिहिलं होतं. जमिनीचं वचनही त्याने पाळलं. मुक्त झालेल्यांपैकी रॉबर्ट क्रॉफर्ड पुढे एडवर्ड्सव्हिलजवळच्या पिन ओक भागात धर्मोपदेशक झाला आणि तिथे कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची वस्ती वाढली.

जिंकल्यावर

कौल मिळाला म्हणून विधिमंडळ कोल्सचं झालं नाही. त्याने बर्कबेकला राज्याचा सेक्रेटरी नेमलं. तीन महिन्यांत सेनेटने नेमणूक फेटाळली. जून १८२५मध्ये बर्कबेक नदी ओलांडताना बुडून गेला. कोल्स काही महिने व्हर्जिनियाला गेला तर हबर्डने खुर्ची बळकावली. गव्हर्नर राज्याबाहेर गेला म्हणजे त्याने पद सोडलं, आता मीच गव्हर्नर, हा त्याचा युक्तिवाद. कोल्स परतला तरी हबर्ड नेमणुका करत राहिला. सेक्रेटरी जॉर्ज फोर्कर त्याच्या आदेशावर सही करेना, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि हबर्डला तिथे थारा मिळाला नाही.

घटनेप्रमाणे लागोपाठ दुसऱ्यांदा गव्हर्नर होता येत नव्हतं. १८३१मध्ये कोल्स काँग्रेससाठी उभा राहिला आणि सपाटून पडला. पुढे तो फिलाडेल्फियाला गेला आणि १८३३मध्ये, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, सॅली लोगन रॉबर्ट्सशी लग्न केलं. मॅडिसनने निदान मृत्युपत्रात तरी आपले गुलाम सोडावेत म्हणून तो मागे लागला होता. १८३६मध्ये मॅडिसन गेला तेव्हा तसं काही त्यात नव्हतं. कोल्सचा धाकटा मुलगा रॉबर्ट्स व्हर्जिनियाला जाऊन राहिला, यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्यात भरती झाला आणि फेब्रुवारी १८६२मध्ये रोआनोक बेटाच्या लढाईत मारला गेला. कोल्स स्वतः ७ जुलै १८६८ला वारला. देशभरची गुलाममुक्ती त्याने पाहिली.

इलिनॉयमधल्या गुलामांचं काय झालं? १८२४च्या मतदानाने त्यांच्यातला एकही सुटला नाही. कौल होता नवी गुलामगिरी आणायची नाही एवढाच. असलेली तशीच राहिली. जनगणनेत १८३०ला ७४७ गुलाम आहेत, १८४०ला ३३१. फ्रेंच वस्त्यांतल्या जुन्या गुलामांच्या वंशजांना १८४५मध्ये न्यायालयाने स्वतंत्र ठरवलं आणि १८४८च्या नव्या घटनेने बंदी पक्की केली. त्या डिसेंबरच्या भाषणात मागितलेल्या तीन गोष्टींपैकी पहिली मिळायला अशी पंचवीसेक वर्षं लागली.

दुसरी गोष्ट, जाचक कायदे सौम्य करण्याची, तर उलट्या दिशेने गेली. १८५३मध्ये इलिनॉयने कृष्णवर्णीयांना राज्यात येऊन राहायलाच बंदी केली: पन्नास डॉलर दंड, आणि तो न भरल्यास त्या माणसाची मजुरी लिलावात काढायची. १८२४मध्ये ‘नको’ म्हणणाऱ्यांच्या मनात जे होतं तेच हे, फक्त आता कायद्याच्या भाषेत. हा आणि याच्यासारखे कायदे रद्द झाले १८६५मध्ये, आणि त्यासाठी वर्षानुवर्षं झटलेला माणूस होता जॉन जोन्स, शिकागोतला एक कृष्णवर्णीय शिंपी.